आयरिश पद्धतीचं घरगुती लोणी आणि त्याच ताकाचा सोडा ब्रेड: क्रमवार कृती आणि हमखास होणाऱ्या चुका

ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं साय साठवून लोणी निघतं, त्यांचंच हे लोणी जास्त बिघडतं, असा माझा अनुभव आहे. नवखा माणूस कृती वाचून तशीच करतो. आपला हात मात्र सवयीनं पुढे धावतो आणि तो धावतो तुपाकडे. आपण लोणी काढतो ते कढवायला. त्यात थोडं ताक राहिलं तर बेरी जरा जास्त निघते, एवढंच. आयर्लंडच्या खेड्यातल्या घरात लोणी कढवायचं नव्हतं. ते तसंच, मीठ लावून, मातीच्या बरणीत टिकवायचं होतं. आणि खाली उरलेलं ताक पिण्याखेरीज ब्रेडच्या पिठात जायचं, कारण तो ब्रेड यीस्टनं नाही, खाण्याच्या सोड्यानं फुगतो, आणि सोड्याला लागणारं आंबट त्या ताकातूनच मिळायचं.

त्यामुळे पुढे दिलेलं काम एकच आहे, दोन पाककृती नाहीत. आंबवताना केलेली चूक थेट ब्रेड कापताना दिसते. एकदा सगळं वाचून काढा आणि मगच साय बाहेर काढा.

काय आणि किती लागेल

३५ टक्के किंवा त्याहून जास्त स्निग्धांश असलेली, पाश्चराइज केलेली १ लिटर साय. तिच्यातून साधारण ४०० ते ४५० ग्रॅम लोणी आणि अर्धा लिटर ताक मिळतं. एका ब्रेडला तेवढं ताक पुरून वर पेलाभर उरतं.

भारतात दुकानात मिळणारी २५ टक्क्यांची खोक्यातली क्रीम इथे चालत नाही. तिच्यात फॅट कमी असतं, बहुधा स्थिर ठेवणारे पदार्थही घातलेले असतात. तासभर घुसळलं तरी ती नुसती फेसाळते. डेअरीत सुटी मिळणारी घट्ट साय घ्या. उकळलेल्या दुधावरची, फ्रीजमध्ये आठवडाभर साठवलेली साय वापरली तर लोणी येईल, पण तिच्यात दुधाचा शिजलेला भाग असतो. मग लोण्याला खव्यासारखा वास येतो आणि ताकात कण राहतात. आयरिश घरात दूध न तापवता रुंद, उथळ भांड्यांत ठेवून वर आलेली साय काढत. आपण कच्चं दूध वापरायचं नाही, म्हणून पाश्चराइज केलेली पण न उकळलेली साय हाच मधला मार्ग.

म्हशीची साय असेल तर लोणी पांढरं येईल. ती तुमची चूक नव्हे. गवतावर चरणाऱ्या गाईच्या लोण्याचा पिवळा रंग चाऱ्यातून येतो, म्हशीच्या दुधात तो उतरत नाही. रंग घालायच्या भानगडीत पडू नका.

टप्पा १: साय आंबवणं

साय २० ते २२ अंश सेल्सिअसला आणा. तिच्यात दोन मोठे चमचे ताजं, गोडसर दही घालून नीट ढवळा, वर फडकं बांधा आणि ठेवून द्या. आयर्लंडमधल्या थंड घरात साय रोज थोडी थोडी साठत जायची आणि आपोआप आंबायची, त्यामुळे घुसळण आठवड्यातून एखाद-दोन वेळाच निघायची. आपल्याकडे उन्हाळ्यात आठ तास पुरतात, थंडीत किंवा परदेशातल्या घरात चोवीस.

साय चमच्यावरून जाडसर पडावी, चमकावी आणि जिभेला स्पष्ट आंबट लागावी. दह्यासारखी घट्ट लागून खाली पाणी सुटलं असेल तर पुढे गेली. लोणी तरीही निघेल, पण वास उग्र येईल.

सावध: घाई म्हणून हा टप्पा गाळणारे पुष्कळ. गोड सायीचंही लोणी येतं, चांगलंही लागतं. पण त्याचं ताक गोड असतं, आणि गोड ताकात सोडा जागा होत नाही. माझा पहिला सोडा ब्रेड असाच झाला होता: आत पिवळट, बसका, आणि चव धुण्याच्या साबणाची. दोष मी सोड्याला दिला, पीठ बदललं, ओव्हन बदलला. चूक दोन दिवस आधी सायीच्या भांड्यात झाली होती.

टप्पा २: थंड करणं आणि भांडी तयार करणं

आंबलेली साय फ्रीजमध्ये चार-पाच तास ठेवा. घुसळायच्या आधी बाहेर काढून १४ ते १५ अंशांवर येऊ द्या. म्हशीच्या सायीला दोन अंश जास्त द्या, तिचं फॅट कडक असतं. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर घ्या. या सगळ्या कामात विकत घ्यावी अशी ती एकच वस्तू आहे.

तापमान चुकलं की काय होतं ते लक्षात ठेवा. साय फार थंड असेल तर हात मोडेपर्यंत घुसळूनही लोणी येत नाही. फार गरम असेल तर दहा मिनिटांत येतं, पण तेलकट, लिबलिबीत येतं, पुढे धुताना हातातून निसटतं आणि निम्मं फॅट ताकात जातं. हिवाळ्यात लोणी येईना म्हणून सायीत गरम पाणी ओतण्याचा मोह होतो. तो टाळा, लोणी फिकट आणि मेणचट होतं. भांडंच बाहेरून कोमट पाण्यात धरा.

आयरिश घरातलं भांडं म्हणजे फळ्या जोडून, कडी चढवून केलेलं उभं पिंप. वर भोक पाडलेलं झाकण आणि त्यातून खाली-वर होणारा दांडा. दांड्याच्या टोकाला भोकं पाडलेली चकती किंवा लाकडी फुली. आपल्या रवीसारखा तो फिरत नाही, सरळ वर जातो आणि खाली येतो. घरी असं पिंप नसेल तर दोन लिटरची, रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बरणी घ्या आणि हलवा. मिक्सर नको. त्याची पाती दाणे कापतात आणि साय तापवतात.

लाकडी वस्तू, म्हणजे दांडा, चमचे, लोणी थापायच्या फळ्या, आधी उकळत्या पाण्यानं आणि लगेच बर्फाच्या पाण्यानं भिजवा. कोरड्या लाकडाला लोणी चिकटतं. हे विसरलात तर सहाव्या टप्प्यात अर्धा तास फळी खरवडत बसाल.

टप्पा ३: घुसळणं

भांडं निम्मंच भरा. साय फुगते, तिला वर जागा हवी. मग एकसारख्या लयीत, मिनिटाला पन्नास-साठ ठोके. जोर नको, खंड नको.

इथे डोळ्यापेक्षा कान कामाचा. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या काउंटी क्लेअरमधल्या एका शेतघरात एका आजींच्या शेजारी उभं राहून मी हे पहिल्यांदा ऐकलं. सुरुवातीला आवाज पातळ येतो, बादलीत पाणी हिंदकळल्यासारखा. दहा-बारा मिनिटांनी तो जड आणि मुका होतो, दांडा वर खेचताना साय त्याला धरून ठेवते. पहिल्यांदा करणारा इथे घाबरतो, ‘बिघडलं’ म्हणून थांबतो किंवा पाणी ओततो. काही करू नका, चालू ठेवा. मग अचानक एका ठोक्याला दांडा हलका होतो आणि खाली छप्पकन् पाणी वाजतं. आजींनी त्याच क्षणी दांडा उचलून माझ्यासमोर धरला. फुलीच्या भोकांत गव्हाएवढे पिवळे दाणे अडकलेले, आणि त्यांच्यामधून निळसर पांढरं ताक गळत होतं. ‘बस,’ एवढंच म्हणाल्या आणि दांडा बाजूला ठेवला.

मी मात्र अजून गोळा होण्याची वाट बघत होतो. आपल्याकडे रवीला लोण्याचा गोळा लगडेपर्यंत घुसळतात, तोच शेवट. इथे तो शेवट ओलांडल्याची खूण आहे. दाणे एकमेकांना चिकटून गोळा झाला की त्याच्या पोटात ताक कोंडतं, आणि आत कोंडलेलं ताक कितीही धुतलं तरी निघत नाही. असं लोणी चार दिवसांत खवट होतं.

तपासा: दाणा गव्हाएवढा किंवा फार तर ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा. रव्यासारखा बारीक असेल तर आठ-दहा ठोके आणखी द्या. सगळं मिळून वीस ते चाळीस मिनिटं लागतात. चाळिसाव्या मिनिटालाही आवाज मुकाच असेल तर थर्मामीटर बघा, बहुतेक बारा अंशांच्या खाली असेल.

जाता जाता: घुसळण चालू असताना घरात आलेल्या माणसानं दांड्यावर चार हात मारल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, नाहीतर जाताना तो घरातलं लोणी घेऊन जातो, अशी तिकडच्या खेड्यांत समजूत होती. घुसळणाऱ्याचे खांदे चाळीस मिनिटं भरून येतात आणि लय तुटली तर साय बसते. मदतीचे हात मिळवण्याची याहून चांगली युक्ती मला सुचत नाही. पाहुणे आले तर जरूर वापरा.

टप्पा ४: ताक गाळून वेगळं करणं

चाळणीवर ओलं मलमल अंथरा, खाली स्वच्छ भांडं ठेवा आणि सगळं हळूहळू ओता. पिळू नका, दाबू नका. ताक आपसूक गळू द्या.

आपली दुसरी सवय इथे आड येते. लोणी यायला लागलं की आपण त्यात गार पाणी, बर्फाचे खडे टाकतो, म्हणजे लोणी वर येतं. ताक पातळ झालं तर बिघडत नाही, नाहीतरी मठ्ठाच करायचा असतो. ब्रेडसाठी मात्र ताक जसं निघालं तसं, बिनपाण्याचं हवं. ताक गाळून बाजूला ठेवेपर्यंत भांड्यात पाण्याचा थेंब पडता कामा नये.

ताक झाकून फ्रीजमध्ये ठेवा. त्यावर लोण्याचे एक-दोन दाणे तरंगत असतील तर राहू द्यात.

टप्पा ५: धुणं

लोण्याचे दाणे परत भांड्यात घ्या. जेवढं ताक निघालं साधारण तेवढंच, दहा अंशांच्या आसपासचं गार पाणी ओता. भांडं हलकेच डोलवा, आठ-दहा वेळा. पाणी दुधाळ होईल. ओतून टाका, नवं घ्या. दुसऱ्यांदा कमी दुधाळ, तिसऱ्यांदा जवळजवळ नितळ. पेल्यातून पलीकडचं बोट स्पष्ट दिसलं की थांबा.

दाणे सुटे राहिले असतील तर हे पाच मिनिटांचं काम आहे. गोळा करून बसला असाल तर पाणी लगेच नितळ दिसेल आणि तुम्हाला वाटेल झालं. ते फक्त बाहेरून धुतलेलं असतं.

सावध: बर्फाचं पाणी वापरून दाणे दगडासारखे करू नका, पुढे मीठ मिसळणार नाही.

टप्पा ६: मीठ आणि थापणं

लोणी वजन करून घ्या. १०० ग्रॅमला २ ग्रॅम बारीक मीठ. खडेमीठ घातलंत तर लोण्यात ओल्या रेघा उमटतात.

आयरिश घरात यासाठी दोन छोट्या, खाचा पाडलेल्या लाकडी फळ्या असत. हाताची ऊब लोण्याला लागू नये म्हणून सगळं काम त्यांनीच करायचं. घरी दोन सपाट लाकडी कालथे चालतील. लोणी ओल्या पाटावर घ्या, कालथ्यानं दाबून चपटं करा, घडी घाला, पुन्हा दाबा. प्रत्येक दाबाला पाण्याचे थेंब बाहेर येतील, ते टिपून टाका. मीठ दोन हप्त्यांत भुरभुरवा.

दाबायचं आणि दुमडायचं, बस. आपण लोणी तळहातानं फेटतो, पुरणासारखं पसरून घोटतो. घोटलं की त्याचा दाणेदार पोत मोडतो आणि मलम तयार होतं. एकदा मलम झालं की ते परत मागे येत नाही.

मीठ लावलेलं लोणी झाकून रात्रभर थंड जागी ठेवा आणि सकाळी पाच मिनिटं पुन्हा थापा. ही दुसरी थापणी फार जण टाळतात. मीठ रात्रीतून उरलेलं पाणी ओढून घेतं आणि ते सकाळीच बाहेर निघतं.

तपासा: सुरीनं काप घ्या. कापल्या जागी पाण्याचे मणी दिसले तर अजून थापा. रंगाचे पट्टे दिसले तर मीठ सारखं लागलेलं नाही.

घट्ट दाबून, मध्ये हवा न ठेवता चिनी मातीच्या बरणीत भरा. फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे सहज राहतं.

टप्पा ७: ब्रेडची तयारी, ताक तपासून

पीठ काढायच्या आधी एक चमचा ताक वाटीत घ्या आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. फसफसून वर आलं पाहिजे. नुसते दोन बुडबुडे आले तर ताक झाकून ओट्यावर सात-आठ तास ठेवा आणि पुन्हा बघा. ही अर्ध्या मिनिटाची चाचणी आधी कुणी सांगितली असती तर माझा तो साबणाचा ब्रेड टळला असता.

आयर्लंडच्या ओल्या हवेतला गहू मऊ, चिकटपणा कमी असलेला. यीस्टच्या ब्रेडला तो कच्चा पडतो, सोड्याला मात्र नेमका जमतो. म्हणून ब्रेडसाठीचं खास जास्त प्रथिनांचं पीठ इथे उलट काम करतं. आपला साधा मैदा चांगला चालतो. तपकिरी ब्रेड हवा असेल तर निम्मा मैदा आणि निम्मं लाडवासाठी दळतात तसं गव्हाचं जाडसर पीठ घ्या. चक्कीचा पोळीचा बारीक आटा पाणी फार पितो आणि ब्रेड चिवट करतो.

प्रमाण: एकूण पीठ ४५० ग्रॅम, सोडा एक सपाट छोटा चमचा, मीठ एक छोटा चमचा, ताक ३५० ते ४०० मिलिलिटर. साखर, अंडं, मनुका नकोत, तो वेगळा पदार्थ. बेकिंग पावडरही नको.

सोडा बोटांनी चुरून पिठाबरोबर दोनदा चाळा. सोड्याची एक गुठळी राहिली तरी ब्रेडमध्ये तिथे तपकिरी, कडू ठिपका दिसतो.

टप्पा ८: आधी आच, मग मिसळणं

हा क्रम उलटा करू नका. सोडा ओला झाला की गॅस सुटायला लागतो, तो तुमच्यासाठी थांबत नाही. ओव्हन २३० अंशांवर पूर्ण तापलेला, भांडं आत, सुरी हाताशी, आणि मगच ताक पिठात.

पिठात खड्डा करून बहुतेक सगळं ताक एकदम ओता. बोटं ताठ, फाकलेली ठेवून मधून कडेकडे गोल फिरवा. पीठ दिसेनासं झालं की थांबा, मिनिटभराच्या आत. गोळा थालीपिठाच्या पिठापेक्षा सैल आणि भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट हवा, खडबडीत, हाताला चिकटणारा.

आणि आता हात मागे. कणीक तिंबायची सवय इतकी मुरलेली असते की चिकट गोळा दिसला की तळहात आपोआप दाबायला लागतो. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी ‘जरासाच मळला’ म्हणून सांगितलेला ब्रेड मी खाल्ला आहे. सुरी त्यात शिरेना. मळल्यानं पिठाला चिवटपणा येतो आणि सुटलेला गॅसही निघून जातो. झाकून ‘मुरायला’ ठेवणं ही त्याच्या पुढची चूक.

ओट्यावर पीठ भुरभुरवा, गोळा टाका, चार सेंटीमीटर उंचीचा गोल थापा. सुरीनं काठापासून काठापर्यंत फुली मारा, निम्म्याहून खोल. ती भूतंखेतं बाहेर जावीत म्हणून, असं गमतीनं सांगतात. खरं काम असं की आच मधोमध पोहोचते आणि भाजल्यावर ब्रेडचे चार भाग हातानं तुटतात. वरवर रेघ ओढलीत तर मध्य कच्चा राहील.

तपासा: ताक ओतल्यापासून ब्रेड आचेवर जाईपर्यंत पाच मिनिटांच्या आत.

टप्पा ९: भाजणं

खेड्यातल्या घरात ओव्हन नव्हता. जड बिडाचं, सपाट झाकणाचं भांडं टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या इंधनाच्या निखाऱ्यांवर असायचं आणि झाकणावरही निखारे पसरायचे. कोकणात धोंडस करताना वर-खाली विस्तव ठेवतात, तीच तऱ्हा. चुलीवर करणार असाल तर खाली निखारे कमी आणि वर जास्त ठेवा. उलट केलंत तर तळ कोळसा आणि माथा पांढरा.

ओव्हनमध्ये: तापलेल्या जाड भांड्यात ब्रेड ठेवा आणि झाकण लावा. २३० अंशांवर पंधरा मिनिटं, मग २०० अंशांवर पंचवीस ते तीस. शेवटच्या दहा मिनिटांत झाकण काढा. बाहेर काढून उलटा करा आणि तळावर बोटानं टकटक करा. पोकळ, मडक्यासारखा आवाज आला तर झाला. बद्द आवाज आला तर उलटाच पुन्हा पाच मिनिटं आत.

ओव्हनच नसेल तर कुकरमध्ये वाळू घालून खटपट करू नका, वरची आच मिळत नाही. आयर्लंडच्या उत्तरेकडे हेच पीठ दीड सेंटीमीटर जाड थापून, चार तुकडे कापून तव्यावर भाजतात. जाड तवा, मंद-मध्यम आच, तेल नाही, पीठ भुरभुरवून एका बाजूनं आठ मिनिटं, मग दुसरी बाजू. शेवटी तुकडे कडेवर उभे करून कडा भाजून घ्या. भाकरीचा हात असलेल्यांना हे पहिल्याच दिवशी जमतं, पाण्याचा हात फिरवायचा नाही तेवढं लक्षात ठेवा.

टप्पा १०: कापण्याआधी

गरम ब्रेड कापला की आतून चिकट, ओलसर दिसतो आणि लोक कच्चा समजून पुन्हा भाजतात. स्वच्छ, सुक्या फडक्यात गुंडाळून कडेवर उभा करून ठेवा, निदान पाऊण तास. फडक्यामुळे वरचं कवच थोडं मऊ पडतं. कडक आवडत असेल तर उघडाच जाळीवर ठेवा.

सोडा ब्रेड त्या दिवशीचाच. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो, मग जाड काप तव्यावर दोन्ही बाजूंनी शेका आणि बरणीतलं लोणी गरम असतानाच लावा, जरा जाडसर.